रुमालबंदीचा अर्ज

३ जून, रात्री
सकाळच्या बसला रुमालवाल्याने आजही खाली उभं राहूनच खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. मी त्याच्या आधी चढूनही ऑफिसपर्यंत दांडीला लोंबकळत. बास झालं! बस मंडळाकडे नवा नियम करा अशी मागणी कुणीही नागरिक करू शकतो म्हणे. कुणीही म्हणजे अर्थात मी.
संध्याकाळी बसायला मिळालं. आमची ही पहिल्या स्टॉपवर चढते, माझ्यासाठी शेजारी पर्स ठेवते. ऐसपैस बसून अर्जाचा मसुदा केला.

५ जून
मंडळात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तक्रार की मागणी? तक्रार रडके लोक करतात. नियमाचे नेमके शब्द लिहा म्हणाल्या. लिहिले: 'कोणतीही वस्तू ठेवून जागा धरू नये.' नुसतं 'रुमाल' लिहिलं तर चालणार नाही का, असं विचारत होत्या. म्हटलं, उद्या तो टोपी टाकेल! दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते.

२० जून
मसुदा स्टॉपवर लागला. लोकांच्या हरकती मागवल्यात. हिने विचारलं, अहो, हे सगळ्यांनाच लागू? म्हटलं, कायद्यापुढे राजा आणि रंक सारखे. बरं, म्हणाली. अभिमानाने शब्द फुटेना बिचारीला.

११ जुलै
सुनावणी. नवा शर्ट. भाषण जोरदार. एक साहेब जांभई देत होते, पण ती जागरणाची. हरकतदार एकटा रुमालवाला. म्हणतो कसा, माझं काही नाही हो साहेब, पण यांनी घरी विचारलंय का? मुद्दे संपले की माणूस घरावर घसरतो.

१ ऑगस्ट
नियम लागू! सकाळी रुमाल त्याच्या खिशात. (पळत चढून जागा त्यानेच पटकावली, पण तत्त्व जिंकलं.)
संध्याकाळी चढलो. हिची पर्स मांडीवर. शेजारी रुमालवाला. हल्ली पहिल्या स्टॉपपर्यंत चालत जातो म्हणे, तब्येतीला बरं. माझे आभार मानले. हिला डोळ्यांनी विचारलं. तिने नुसतं नव्या नियमाच्या पाटीकडे बोट दाखवलं.
उभ्यानेच नवा मसुदा काढला: 'पत्नीची पर्स ही वस्तू समजू नये.' लिहायला हात मोकळा हवा म्हणून जेवणाचा डबा हिच्याकडे दिला. तिच्या मांडीवर पर्स. तिने तो रुमालवाल्याकडे दिला. त्याने सरकून मध्ये नीट ठेवला.
डब्याला बसायला मिळालं.