विहिरीच्या वाटेचा फितूर

१ मार्च २०२६, रविवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. वीस तारखेला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला नव्व्याण्णव वर्षं होतात. पुढच्या वर्षी शंभरी सगळा महाराष्ट्र साजरी करील. नव्व्याण्णवावी फक्त मी करणार. डीजे नाही, मिरवणूक नाही. वस्तीच्या विहिरीतला गाळ श्रमदानाने काढायचा आणि विसाला सगळ्यांनी मिळून तिचं पाणी प्यायचं. बाबासाहेबांना हेच आवडलं असतं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, बायका विहिरीवरच भागवतात, तेव्हा उपयोगही आहे.
बायकोला सांगितलं. शालन म्हणाली, गाळ कोन काढनार, तुमी? माझा गुडघा माहीत असून विचारते.
आजपासून चहात साखर बंद.

२ मार्च
मंडळाची मीटिंग. हजर अकरा, ऐकणारे चार. पुतणी यशोधरा पवनानगरला ई-सेवा केंद्रात कामाला आहे, म्हणून स्वतःला तहसीलदार समजते. घमेली, दोर, कोण कधी उतरणार, सगळं तिनेच ठरवून टाकलं. अध्यक्ष मी. माझ्या वाट्याला काय, तर भाषण. हरकत नाही. खरी जबाबदारी तीच असते.
चहा साखरेचा घेतला. मीटिंगमध्ये बिनसाखरेचा मागितला की लोकांना वाटतं माणूस आजारी आहे.

५ मार्च
सत्कार! कॅम्पसाइटवाल्या ओंकारशेठनी मुद्दाम बोलावून घेतलं. विहिरीकडे जाणारी आपली पायवाट त्यांच्या तंबूंच्या कडेनेच जाते, म्हणजे तसे शेजारीच. शाल, श्रीफळ, 'ज्येष्ठ समाजसेवक' असं सन्मानपत्र. पुण्यामुंबईच्या चाळीस पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. ओंकारशेठ नुसते आबा आबा करत होते. वस्तीत असं कुणी करत नाही.
शेवटी म्हणाले, आबा, तेवढी पोच द्या. दोन कागद, दोन सह्या, मंडळाचा शिक्का. शिक्का माझ्या खिशात असतोच. बत्तीस वर्षं पोस्टमन म्हणून अख्ख्या पवन मावळाकडून पोच घेतली. सही मागितली की वाचत बसणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. दारात उन्हात उभ्या असलेल्या माणसाची काही कदर? मी चटकन सही ठोकली.
शाल चांगली जाड आहे.

९ मार्च
दगा. पायवाटेवर लोखंडी गेट आणि गेटला कुलूप. बायकांना आता डांबरी रस्त्याने दीड किलोमीटरचा वळसा. बयाबाई ऐंशीच्या पुढे गेलेली, तीसुद्धा कळशी घेऊन त्या वळशाने गेली.
ओंकारला फोन केला. उचलला नाही. परत केला. कट केला. चार दिवसांत माणूस इतका बदलतो. ह्याच्यापुढे त्याला शेठ लिहायचं नाही.

११ मार्च
यशोधरा बातमी घेऊन आली. ओंकार सांगतोय की वाट बंद करायला वस्तीनेच लेखी ना-हरकत दिली आहे. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी फितूर! जेवण गेलं नाही. दोनच भाकऱ्या खाल्ल्या.
संशय नथूवर. त्याची जीप पर्यटकांना आणते-नेते. मागच्या आठवड्यात नवे टायर टाकले. कुठून आले टायर? त्याच्या जीपमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही.

१२ मार्च
पवनानगरला चालत गेलो. गुडघा सुजला. येताना नथूने जीप थांबवली, बसा म्हणाला. बसलो, पण एक शब्द बोललो नाही. पैसे घेतले नाहीत त्याने. संशय आणखी वाढला.

१४ मार्च
यशोधराने ना-हरकतीची नक्कल मिळवली. म्हणाली, आबा, आधी तुम्ही एकट्याने बघून घ्या. मी साफ नकार दिला. पाकीट चिकटवून ठेव, म्हटलं, विसाला गेटसमोर, सगळ्या वस्तीदेखत मी फोडीन. तिथंच फितुराचं नाव जाहीर. ती पुन्हा म्हणाली, आबा, एकदा बघा तरी. श्रेय वाटून घ्यायचंय तिला, दुसरं काय.
संध्याकाळी ती आणि शालन चुलीपाशी कुजबुजत होत्या. मी गेल्यावर गप्प. आता घरातही विश्वास टाकायची सोय राहिली नाही.

१५ मार्च, रविवार
श्रमदान झालं. चौदा बायका आणि नथू, सगळे वळसा घालून गेले. नथू विहिरीत उतरला होता म्हणे. अपराधी मन माणसाला कुठंही उतरवतं. मी भाषणात गुंतलो होतो. गाळ निघाला, पाणी हातभर वर आलं. ग्रुपवर फोटो आले. एकातही अध्यक्ष नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. ज्यांच्यासाठी झिजायचं ते असे.

१८ मार्च
भाषण पूर्ण. अकरा पानं. शेवट असा: 'ज्याने आपल्या आयाबहिणींची वाट विकली, त्याने उद्यापासून ह्या वस्तीत तोंड दाखवू नये.' तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी शालन उठून बाहेर गेली.
यशोधरा पाकीट घेऊन पुन्हा आली. मी पडून राहिलो, झोप लागल्यासारखा. बराच वेळ उभी होती.

२० मार्च. संध्याकाळी ५
गेटसमोर साठ-एक माणसं. ओंकार नव्हता, त्याचा वॉचमन होता. यशोधरा पाकीट देईना. मी हातातून ओढून घेतलं आणि फोडलं.
वाचायला लागलो. आवाज चांगला लागला होता. सदर पायवाट कायमची बंद करण्यास आमच्या वस्तीची कोणतीही हरकत नाही. लोक खवळले. नथू म्हणाला, नाव वाचा, आबा, नाव वाचा.
खाली मंडळाचा शिक्का. पाच मार्च. माझी सही.
मी थांबलो. बयाबाई म्हणाली, म्होरं वाच की. तिचा लेक मुंबईला होता तेव्हा त्याची सगळी पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो. तिला वाटलं अजून काही लिहिलं असेल. म्हटलं, संपलं, खाली सही आहे. कुनाची, म्हणाली. माझी, म्हटलं.
ती म्हणाली, म्या अडानी बाई, मला सही येत न्हाई. पर आंगठा उठवायच्या आदी दर खेपंला तुलाच इचारायची, काय लिवलंय म्हून.
कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सगळे रस्त्याने वळसा घालून विहिरीवर गेले आणि पाणी प्यायले. शालनही गेली. मी गेटपाशीच उभा राहिलो. वॉचमनने खुर्ची आणून दिली.
ओंकारने मला फसवलं, असं लिहिणार होतो. ते खरंच आहे. पण लिहिताना लाज वाटते. यशोधरा दोनदा आली होती.

२३ मार्च
ना-हरकत मागे घेण्याचा अर्ज यशोधराने करून दिला. त्यावर वस्तीतल्या प्रत्येकाची सही पाहिजे. मी सकाळपासून दारोदार फिरतोय. प्रत्येक जण मला उन्हात उभा ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, मगच सही करतो. नथूने दोनदा वाचला. शालनने चष्मा शोधून आणला आणि वाचला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण तिला एवढं सलग वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं.
शेवटचं घर बयाबाईचं. शाईचा पॅड पुढे केला आणि कागद वाचून दाखवायला लागलो. तिने हात धरून थांबवलं. ऱ्हाऊ दे, म्हणाली, यशोधरा आली की वाचंल.
यशोधरा सहाच्या गाडीने येते. साडेचार वाजलेत. बयाबाईच्या ओट्यावर बसून हे लिहितोय.