केसांच्या गोळ्यांचे दोन डबे

प्रिय ठकी,

फोनच करणार होते, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू 'आई, पुरे' म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

गेले तीन महिने माझं काय झालं होतं ते तू पाहिलंसच. बसल्या जागी डोळा लागायचा, भर उन्हाळ्यात अंगावर शाल, चेहरा उशीसारखा फुगलेला, शब्दकोडं सोडवताना साधे शब्द आठवेनात. तू म्हणालीस, वय झालं. एकोणसत्तर हे काय वय आहे? सगळं सुरू झालं त्या रिपोर्टपासून. थायरॉइडची गोळी मी अकरा वर्षं घेते आहे, कधी तक्रार नाही. या वेळी कागदावर एक बाण वर, एक खाली आणि आकडे लालभडक. डॉक्टरांनी मान वर न करता फर्मावलं, थायरॉइड जास्त झालंय, गोळी निम्मी करा. म्हटलं, अहो, मला ना धडधड, ना घाम, वजनही जिथल्या तिथे. तर म्हणे, 'मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत.' चौतीस वर्षं गणित शिकवलं मी! गणितच चुकीचं मांडलं तर उत्तर बरोबर कुठून येणार? पण हे सुचलं घरी आल्यावर. तिथे मुकाट्याने मान डोलावली.

शेवटी वैतागून दुसऱ्या लॅबमध्ये गेले. रक्त घेणारी मुलगी तुझ्याहून लहान, पण भारी चौकस. 'आणखी काय औषधं घेता, आजी?' म्हटलं, काही नाही. 'व्हिटॅमिन? नखांसाठी, केसांसाठी काही?' मी छताकडे बघत बसले. या वयात केसांसाठी गोळ्या खाते, हे परक्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर विचारायच्या, फळ्यावर हे चित्र कुणी काढलं, तेव्हाही मी अशीच छताकडे बघायचे, आणि त्या नेमक्या माझ्याच बाकापाशी येऊन थांबायच्या. ही पोरही थांबली, हातात सुई धरून. मग सांगितलं, लेकीने आणून दिल्यात, बायोटिनच्या, रोज एक, ते काय औषध आहे का? तिने सुई खाली ठेवली. म्हणाली, बायोटिन रक्तात असलं की ही तपासणी फसू शकते, थायरॉइड जास्त नसतानाही जास्त दिसतं. डॉक्टरांना विचारून त्या गोळ्या थांबवा आणि मग या. तसंच केलं. थायरॉइड जास्त कुठलं, निम्म्या गोळीने ते पार तळाला गेलं होतं. डॉक्टरांनी जुना डोस परत लिहून दिला, या खेपेला मान वर करून. तीन महिने मला कुणाशी धड भांडताही आलं नाही, आणि कशापायी? भांगात चार केस जास्त दिसावेत म्हणून!

आता मुद्द्याचं. तुझा नवरा हे पत्र न्यायला बाहेरच्या खोलीत बसलाय, वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करत. मी माझी ही कहाणी सांगितली, तसा तो पांढरा पडला. मग त्याच्या पोटातलं सगळं ओठांवर आलं. त्याच्यावर रागावू नकोस. तुझ्याही रिपोर्टवर तेच दोन बाण आहेत म्हणे, सोमवारपासून औषध सुरू होणार, आणि आकडे ताळ्यावर येईपर्यंत मुलाचा विचार करायचा नाही. आणि मी मात्र दर भेटीत तुला टोचत राहिले, अजून किती वर्षं विचार करणार म्हणून. मला का सांगितलं नाहीस, हे विचारायचं तोंड मला नाही. पण ठकी, केसांच्या गोळ्यांचे ते डबे तू एकाच दिवशी आणले होतेस, एक मला, एक तुला. तुझे बाण खरेही असतील, मी काही डॉक्टर नाही. तरी सोमवारी औषधाची पहिली गोळी घ्यायच्या आधी तो डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. लाजू नकोस, छताकडे बघू नकोस. आणि मुलाबाळाबद्दल मी आता अवाक्षर काढणार नाही. हे लिहून देते आहे, म्हणजे फोनवर मला उलटता येणार नाही.

तुझीच,
पुन्हा भांडण्याजोगी झालेली आई