आढ्यावरचा सदरा

प्रिय वुकोमान,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. आईनं तुझ्या लग्नासाठी घेतलेला पांढरा सदरा मी काल देऊन टाकला.

छपराचं काम रादिसाव मिस्त्रींना दिलं होतं. कौलं उतरवल्यावर दोन वासे कुजलेले निघाले. त्यांनी ते बदलले आणि ठरल्यापेक्षा एक दिनारही जास्त मागितला नाही. मी पाकीट पुढे केलं तर चिडलेच.

"पोरी, भाव सांगितला तो सांगितला. फारच वाटत असेल तर मिस्त्रीच्या मानाचा सदरा आढ्यावर चढव. की ती रीतही वाशांबरोबर कुजली?"

आपल्या गावच्या दुकानात पाव आणि खिळे मिळतात, सदरे नाहीत. म्हणून मी कपाट उघडलं. तू व्हिएन्नात परस्पर लग्न केलंस, आई गेली, तरी त्या सदऱ्याची घडी मोडली नव्हती.

मिस्त्रींनी तो आढ्याला बांधला आणि रीतीप्रमाणे वरून ओरडले, "कुणाकडून गं?"

मी म्हटलं, "वुकोमानकडून. माझ्या भावाकडून."

"वुकोमानकडून सदरा! देव त्याचं घर भरलेलं ठेवो!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेजारची झोर्काकाकू कुंपणावरून म्हणाली, "अगं बाई, आला का तो?"

"आला नाही, पण हातभार लावला त्यानं."

खोटं बोलले, पण बरं वाटलं.

संध्याकाळी मिस्त्री सदरा घालूनच घरी गेले. बाह्या आखूड झाल्या त्यांना. तुलाही झाल्याच असत्या. आईला तू कायम लहानच वाटायचास.

कोरड्या घरातून,
तुझी स्तामेना