न गळणाऱ्या नळीतली हवा

आबा,

आज मी पुन्हा तुझ्यावर चिडले. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, मी बावन्नची झाले, आणि तरी भर दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर बसकण मारून तुला मोठमोठ्याने बोलत होते. सोबतच्या चाचांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, तर मी त्यांच्यावरही ओरडले.

कारण सांगते. माझ्याकडे एक विमान आहे. तू खेळणं म्हणशील, पण ते नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ माझ्याएवढं लांब आहे आणि त्याच्या पोटात खरंखुरं जेट इंजिन आहे, आपल्या घरातल्या चहाच्या डब्याएवढं. रॉकेलमध्ये थोडं ऑइल मिसळायचं, ते टाकीत भरायचं आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. कारखान्यातली नोकरी सोडल्यावर मी बॅटरीची लहान विमानं उडवायला लागले होते. हे जेट कुणीतरी वापरून, कंटाळून विकायला काढलेलं, ते गेल्या दिवाळीत घेतलं. जावई तुझा म्हणाला, "त्यापेक्षा म्हैस घेतली असतीस तर दूध तरी मिळालं असतं." नागावच्या घरात मागच्या पडवीत मी ते सगळं सुटं केलं, टाकी धुतली, पंप बसवला, नळ्या जोडल्या, रिमोटची दांडी कुठे असली म्हणजे इंजिनाने काय करायचं हे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरला शिकवलं. एक महिना गेला. वाटलं, झालं.

झालं कसलं! आम्ही एका बंद कारखान्याच्या आवारात, मालकाची परवानगी घेऊन, तिथल्या सरळ रस्त्यावर उडवतो. चाचा श्रीवर्धनचे, जहाजावर इंजिनियर होते, जेट उडवण्यात मुरलेले. दर रविवारी इतक्या लांबून गाडी हाकत येतात. ते आग विझवायचं नळकांडं घेऊन बाजूला उभे राहतात, मी कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे चढवते आणि बटण दाबते. आधी स्टार्टर गुणगुणतो, मग आत भप्प करून ज्योत पेटते, मग आवाज चढत जातो आणि शेवटी इतका बारीक, इतका टोकदार होतो की दात शिवशिवतात. मंद चालताना एकदम गुणी. अर्ध्यापर्यंत वाढवलं तरी गुणी. पूर्ण वाढवलं की दहा-बारा सेकंद किंचाळतं, अडखळतं, आणि विझतं. छोट्या पडद्यावर अक्षरं येतात: ज्योत विझली. अरे, दिसतंय ना मला!

जानेवारीपासून हेच. मी पेटवणारा प्लग बदलला. बॅटरी बदलली. इथल्या खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवं चढतं म्हणून प्रत्येक जोड घासून पुसला. फिल्टर बदलला. टाकीतल्या नळीचं टोक दुमडतंय का पाहायला टाकी पुन्हा काढली. पंप पडवीत बादलीवर हळू चालवून पाहिला, धार सरळ, एक बुडबुडा नाही. दर रविवारी नवीन आशा आणि दर रविवारी तेच किंचाळणं आणि तीच अक्षरं. चाचा शांतपणे म्हणायचे, "बेटी, हवा घेतंय कुठूनतरी." आणि मी दर वेळी सगळ्या नळ्यांवरून बोट फिरवून त्यांच्यासमोर धरायची. "चाचा, बघा. कोरडं. एक थेंब गळत नाही. हवा येईल कुठून?" आज ते म्हणाले, "गळत नाही, तर काय झालं?"

बस. तेवढं वाक्य ऐकलं आणि मी सतरा वर्षांची झाले.

आपल्या खाडीच्या धक्क्यावर तुझी पत्र्याची शेड आहे. दुरुस्तीला आलेली बोटींची इंजिनं लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी आहे आणि तू मला नट आवळायचे पाने उचलू देतोस, कधीकधी फिरवूही देतोस. त्या दिवशी एका बोटीचा डिझेल फिल्टर मी एकटीने बसवला. तू नुसतं लांबून पाहिलंस आणि काही बोलला नाहीस, म्हणजे पास. मी जोडावरून बोट फिरवलं, सगळं कोरडं होतं. बोट समुद्रात गेली. काशीदच्या समोर, खडकांपासून थोड्याच अंतरावर, तिचं इंजिन बंद पडलं. वर चार माणसं. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणली तेव्हा धक्क्यावर अर्धं गाव जमलेलं. तू वाकून फिल्टरपाशी पाहिलंस आणि म्हणालास, "हवा घेतंय ह्ये, हिच्या हातानं बसवलेलं."

मी म्हणाले, "आबा, मी बोट फिरवलं होतं. थेंब गळत नव्हता."

"गळत न्हवता, तर काय झालं?"

"मग हवा गेली कुठून?"

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. त्या चार माणसांना म्हणालास, "पोरीला हात लावू दिला ही माजीच चूक. जा गो घरा."

मी गेले. पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि तूही बोलावलं नाहीस. त्या रात्री आईने जेवायला वाढलं तेव्हा तू तुझ्या ताटातली माशाची तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवलीस. मी ती तशीच ठेवून उठले. पुढे मी विजेच्या मीटरांचं शिक्षण घेतलं, पुढे रोह्याला नोकरी. लोक विचारायचे, बाप इंजिनवाला, मग तू ह्यात कशी? मी म्हणायची, मला ग्रीसचा वास आवडत नाही. खोटं होतं ते. पस्तीस वर्षं मी मनात एकच खटला चालवला: थेंब गळत नव्हता, म्हणजे जोड घट्ट होता, म्हणजे चूक तुझी होती आणि तू ती चारचौघांत माझ्या अंगावर ढकललीस.

तर आज चाचा तेच वाक्य बोलले. मी आवाज चढवून विचारलं, "तर काय झालं म्हणजे काय झालं? नीट सांगा ना!" आणि आबा, त्या माणसाने सांगितलं. जमिनीवर बसून, काडीने धुळीत टाकी आणि पंप काढून. पंपाच्या पुढे रॉकेल ढकललं जातं, तिथे चीर असेल तर ते बाहेर गळतं. पण टाकी आणि पंपाच्या मध्ये पंप ओढत असतो. तिथे चीर असली तर थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि जितकं जोरात ओढशील तितकी जास्त. "तू पंप हळू चालवून पाहिलास. पूर्ण जोरात चालव."

इंजिनाची नळी काढून डब्यात सोडली आणि पंप पूर्ण जोरात चालवला. पारदर्शक नळीतून सोड्यासारखे बुडबुडे धावले. पंपाच्या अलीकडच्या जोडावर, मीच आवळलेल्या पट्टीखाली, केसाएवढी चीर. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून टाकला, नळी पुन्हा बसवली. पाच मिनिटं.

तेव्हा मी खाली बसले आणि तुला बोलायला लागले. त्या बोटीचा फिल्टरही टाकी आणि पंपाच्या मध्येच होता. म्हणजे तू बरोबर होतास. आज आठवलं, मी नवा न घालता जुनाच रबरी वायसर पुन्हा टाकला होता, तो हवा घेत होता. ठीक आहे. पण हे एका वाक्यात सांगता येत होतं, आबा! धुळीत काडी फिरवायला कितीसा वेळ लागला असता? चार माणसं खडकांवर जाता जाता वाचली, तू घाबरला होतास, हे मला आज कळतं. पण दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? शेवटच्या वर्षांत मी एकदा विचारायला आले होते. तोवर इंजिनांनी तुझे कान नेले होते. मी विचारलं, तू "काय?" म्हणालास. मी पुन्हा विचारलं, तू पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा ओरडावं लागलं असतं, आणि ते शेजारपाजारला ऐकू जाईल असं विचारण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही, चहा घेतोस?" ते मात्र तुला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

चाचांची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "अब उडाव." इंजिन सुरू केलं, पूर्ण वाढवलं, दहा सेकंद, वीस, मिनिटभर. विझलं नाही. मग विमान रस्त्यावरून सुटलं आणि उचललं गेलं, आणि मिठागरांवरून वळून आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा त्याचा आवाज त्याच्या मागून आला. मी रडले की काय ते माहीत नाही, चष्मा ओला होता.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, उडवलं मी आणि उतरवलंही मीच. तुझ्या जावयाने जिलबी आणली. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुला खरं लिहिते. उतरवायची वेळ आली तेव्हा माझा धीर झाला नाही, मी रिमोट चाचांच्या हातात दिला, आणि विमान जमिनीला टेकेपर्यंत तिकडे पाठ करून उभी राहिले.