तारखेची जागा कोरी

सोमवार, ३
पोचलो एकदाचे! आम्ही चौघं: दादा, म्हणजे माझा मामेभाऊ आणि या छोट्याशा सिनेमाचा दिग्दर्शक; कॅमेरावाला; माझी धाकटी बहीण, जी नायिका आहे; आणि परवानग्या मिळवणारी मी. शूटिंगसाठी दुकान मागितलं, तर सलूनवाल्याने हाकललं, औषधवाल्याने ‘बघू’ म्हणून कटवलं. शिंपी मास्तरांनी मात्र चहा पाजला. दुकान काय झकास आहे! मी लगेच पत्र पुढे केलं. मजकूर माझाच: शूटिंग संपेपर्यंत दुकानातली वस्तू किंवा माणूस जागचा हलवू नये. मागे एकाने मधेच भिंत रंगवली, नोकर बदलला आणि दादाने माझ्या नावाने खडे फोडले, तेव्हापासून हे लिहूनच घेते. ‘अमुक तारखेपर्यंत’ची जागा कोरी सोडते. शूटिंग लांबलं तर पुन्हा हातापाया पडणं नको. मास्तरांनी अक्षर न् अक्षर वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. दोन्ही प्रतींवर आम्ही सह्या केल्या, एक त्यांच्याकडे राहिली. तारीख नंतर भरू म्हटलं, तर म्हणाले, काही घाई नाही.

बुधवार, ५
शूटिंग सुरू. धाकटी काज-बटणं करणारी मुलगी झालीय. घरी साधी सुई ओवायची तरी मला हाक मारते, इथे मास्तरीणबाईंनी एकदा दाखवलं आणि सराईतासारखी बसली. मास्तर शब्दाचे भलतेच पक्के. कात्री, इस्त्री, स्टूल, सगळ्यांभोवती खडूने रेघ ओढलीय. एक बाई शिवून तयार असलेला कोट मागून मागून दमली, त्यांनी दिला नाही; पत्र दाखवलं. हसून हसून पोट दुखलं माझं. संध्याकाळी बघते तर धाकटीच्या पायांभोवतीही रेघ. मास्तरांना म्हटलं, कमाल आहे तुमची. त्यांनी रेघ पुसट झाली होती तिथे पुन्हा खडू फिरवला.

शुक्रवार, ७
धाकटी जेवायला उठली नाही. जागचं हलायचं नाही ना, म्हणाली. दादा म्हणे, अशी भूमिकेत शिरणारी नटी शोधून सापडत नाही. मला नाही आवडलं. हाताला धरून लॉजवर आणली, तर वाटभर मागे वळून बघत होती. बोटाला सुई टोचून रक्त आलंय, तिला पत्ताच नाही.

शनिवार, ८
सकाळी पलंग रिकामा. धावत दुकानात गेले, तर ही स्टुलावर. मास्तर शांतपणे म्हणाले, काल तुम्ही हलवलीत, आम्ही परत जागेवर आणून ठेवली. आणून ठेवली! कात्री आहे का ती? मी नाही नाही ते बोलले. दादाने शूटिंग संपल्याचं जाहीर केलं. मास्तरांचं एकच: कधी संपलं ते पत्रात नाही. मी माझ्या प्रतीवर आजची तारीख घातली. ते म्हणाले, आमची कोरीच आहे. ती कपाटात आहे आणि किल्ली मास्तरीणबाईंच्या कमरेला.

रविवार, ९
कॅमेरावाला पहाटेच पळाला. चौकीतल्या हवालदाराने पत्र वाचून विचारलं, सही तुमचीच ना? त्याच्या शर्टाला एकही बटण नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, शिवायला टाकलीत, मिळतील कधीतरी.
दादा धाकटीला ओढून आणायला दुकानात गेला. तासभर झाला. काचेतून दिसतोय, कॅमेऱ्यामागे उभा. हाका मारल्या. वळला नाही. पायांभोवती रेघ —

सोमवार, १०
आईचा फोन. धाकटीला दे म्हणाली. झोपलीय म्हटलं. खोटं बोलले आईशी.
दुकानात गेले. धाकटीने मला विचारलं, माप द्यायचंय का. मला. स्वतःच्या ताईला —
तिच्याशिवाय घरी कोणत्या तोंडाने जाऊ?

मंगळवार, ११
स्वतःच स्टुलावर बसले. तिला ढकलून. म्हटलं, तिच्या जागी मी राहते, हिला सोडा. मास्तरांनी पत्र पुन्हा वाचून काढलं. मग म्हणाले, बदल्यात दुसरं माणूस चालेल असं कुठे लिहिलंय? पण तुम्ही आलात ते बरं केलंत.
दार उघडं आहे. जा म्हणते तिला. जात नाही —

पाय उचलत नाहीत. हात चालतोय अजून.
तिने दुसरं स्टूल आणलं. शेजारी बसली. अगं, मी आहे गं —
वहीभोवती रेघ ओढतेय. पेन खाली ठेवा म्हणते, जागेवर. एक ओळ लिहू दे म्हटलं, आईला — आई, कोणालाही इकडे पाठवू —