माझ्या अंगातला गांजा

चि. दिनेओस, माफेतेंगहून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझं पार्सल बसवाल्याकडून पोचलं. लोकरीचं पांघरूण एक, मेणबत्त्या सहा, मलमाची डबी एक. भाडं वीस मालोती (तू दहा म्हणाली होतीस, देव त्या बसवाल्याचं भलं करो). तू कामाला जातेस त्या गांजाच्या सरकारमान्य बागेतलं मलम मी प्रार्थनेवाली बाई लावीन, हे तुझ्या मनात आलंच कसं? डबी बायबलच्या मागे ठेवली आहे, बंद.

तू बरी असशील. माझी कंबर आठ वर्षं दुखते ती दुखतेच, म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तरुण, पण मान ठेवून बोलणारी. म्हणाली, "मावशी, गांजासारखं द्रव्य आपलं शरीरच तयार करतं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघाला की ते त्याला वाटेत आवरतं. जुनाट कंबरदुखीत ही व्यवस्थाच बिघडत असावी, पण पक्कं अजून कुणाला माहीत नाही. तुम्ही रोज चाला, गाणी म्हणा, त्यानं ते वाढतं म्हणतात." मी मॅट्रिक झालेली, सगळं समजलं, आणि तिथेच घाम फुटला. आपल्या चर्चच्या गुरुवारच्या महिला मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे: जिच्या अंगात बिअर किंवा गांजा, तिनं गणवेशाची कॉलर उतरवायची आणि तीन महिने मागच्या बाकावर बसायचं. आणि ईस्टर दहा दिवसांवर!

लपवालपवी मला जमत नाही. गुरुवारी उभी राहून कबूल केलं की माझ्या अंगात गांजा तयार होतो. मामोलेफे (तीच, जिचा आवाज डोंगरापलीकडे जातो) लगेच म्हणाली, "तरीच बाई तू प्रार्थनेत डुलतेस!" मी कॉलर उतरवली. एकवीस वर्षांची कॉलर गं, घडी घालून बाकावर ठेवली. तेवढ्यात पाळकबाईंनी विचारलं, हे हिच्या एकटीच्याच अंगात होतं का? मी म्हटलं, नाही, देवानं सगळ्यांच्याच अंगात घातलंय, आणि गायल्यानं वाढतं. आम्ही नुकतीच सात गीतं म्हटली होती, मामोलेफेनं सगळ्यांत जोरात. बाई म्हणाल्या, "मग कॉलरी न्यायला बैलगाडी लागेल. माझ्यापासून सुरू करा." कुणी हललं नाही. माझी कॉलर मला परत मिळाली. आता रोज झऱ्यापर्यंत गात जाते. कंबर थोडं ऐकते.

तुझी ताई,
मापालेसा

ता. क. डबी अजून बायबलच्या मागेच आहे.

ता. क. दुसरा. रिकामी आहे. मामोलेफे मागच्या दारानं आली आणि नुसतं बघते म्हणून बोटभर घेऊन गेली, मग तिची जाऊ आली, मग पाळकबाई (त्यांनी गुडघ्यांनाही लावलं). सगळ्यांना गुण आला. मी दोनदाच लावलं. आणखी चार डब्या पाठव, पार्सलवर मेणबत्त्या असं लिही. त्यात खरोखर काय आहे? नुसता कापूर असेल तर उलट टपाली कळव. गांजा असेल तर काही लिहू नकोस, नुसत्या डब्या पाठव.