गडूतलं उरलेलं पाणी

कल्याण, माघ शु. ५, शके १८७४

मधूच्या बाबांस साष्टांग नमस्कार. कागदावरच घ्या, अजून वाकवत नाही.

न्यूमोनिया गेला. मंदा पेज देते. काल भिंत धरून मोरीपर्यंत गेले. परतताना बसावं लागलं, पण जावईबापूंनी उचलायच्या आत उठले.

मी आता जाते असं समजून मला जमिनीवर घेतलंत, गंगेच्या गडूचं बंद तोंड फोडून पाणी पाजलंत. डोळे मिटले होते, कान नव्हेत. मधू म्हणाला, "आईला कल्याणला डॉक्टरकडे नेतो." तुम्ही म्हणालात, "आता कशाला तिचे हाल?"

तुमचा खोकला वाढलाय म्हणे. औषध घ्या. गडूत तुमच्या वाटणीचं पाणी उरलंय, त्याच्या तोंडाला पुन्हा डाख लावून घ्या. मी माझ्या पायांनी घरी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

द्वारका